पाठीवरचं पाणी

भरलेली सॅक कुणाचीही असो, मावशी ती आधी स्वतःच्या पाठीवर घ्यायची. लुगड्यावरून पट्टे आवळायची, जागच्या जागी दोन उड्या मारायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मग निकाल. "बसली" म्हणाली तर निघायला मोकळे. "नाय बसली" म्हणाली की सगळं सामान पुन्हा सतरंजीवर.

"घोडं बोलत नाय, म्हणून त्याचं वझं आपण बघावं लागतं," ती म्हणायची. "माणूस बोलतं, पण निम्मा डोंगर चढल्यावर."

घोड्याचं ती बोलायची, कारण तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. बिऱ्हाड घोड्यावर, पोरगी पाठीशी. पुढं बिडकीनकडची चराई कारखान्यांच्या जागेत गेली, मेंढरं विकली, नवरा त्याआधीच गेलेला. हर्सूलला तिनं दोन खोल्या बांधल्या. डोंगरात तिला वाट विचारणारी कॉलेजची पोरं होती, तीच म्हणाली, "मावशी, आता तुम्हीच न्या आम्हाला." पुढच्या खोलीत सॅक, तंबू, स्टोव्ह टांगले गेले. मागची खोली भाड्यानं दिली ती मला.

मी कुडाळकडचा. नववीत शाळा सुटली. ओळखीनं इथल्या एका हॉटेलात कामाला लागलो आणि त्याच उन्हाळ्यात पाण्यावाचून हॉटेल बंद पडलं. घरी कळवायची हिंमत नव्हती. पायरीवर बसून होतो, तर मावशी म्हणाली, "बसून काय हुतंय? ऊठ, त्या सॅका झटक." त्या सॅकांवर मी आजही जेवतो आहे.

आमच्याकडं पाणी संपेल असं कुणाच्या मनातही येत नाही. इथं नळाला कधी येईल ते कुणी सांगत नसे. मी पार धास्तावलो. बादली, डबे, किटली, कुकर, हाताला लागेल ते भरून ठेवायचो. मावशीला तो मोठाच विनोद झाला होता. "काय रं कोकण्या, समुद्र आणून ठिवतो का खोलीत?" गल्लीतल्या बायकांना बोलावून ती माझा कुकर दाखवायची.

ट्रेकच्या आदल्या दिवशी तिच्या खोलीत जत्रा असायची. प्रत्येकानं सामान सतरंजीवर ओतायचं आणि ती मधे बसायची. एका मुलीनं तीन जीन्स आणल्या होत्या. मावशीनं एकेक उचलून धरली. "ही लग्नाची, ही साखरपुड्याची. चालायची कोणती?" एका मुलाकडं भलामोठा स्पीकर निघाला. "डोंगरात वानरान्ला ऐकवतो व्हय?" पोरं हसता हसता सामान कमी करायची. मग ती भरायला शिकवायची. हलकं पांघरूण तळाला, जड ते पाठीला चिकटून मधोमध, औषधं आणि टॉर्च सगळ्यात वर. बाजू उचलून बघायची, कलली की पुन्हा भरायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना दुसऱ्याची पिशवी नीट लागलेली नसली की स्वतःला चैन पडत नाही.

पाऊस न झालेलं ते लागोपाठचं दुसरं वर्ष. कन्नडच्या वरच्या डोंगरात तीन दिवसांची चाल होती. प्रत्येकाला दोन बाटल्या. मी पाण्याचे दोन कॅनही आणून ठेवले, तशी मावशी वैतागली.

"काढ ते. उंबराखाली कुंड हाय. माझी मेंढरं भर उन्हाळ्यात प्याली तिथं. कामून वझं वाहतो?"

"मावशी, मला नेऊ द्या." तिला मी पहिल्यांदाच नाही म्हणत होतो.

"मंग जागा कुठंय?"

मी माझी स्लीपिंग बॅग काढून कॅन आत बसवले. ती बघत राहिली. "तुझी पाठ, तुझं वझं," म्हणाली आणि दुसऱ्याच्या सॅककडं वळली.

चालीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही उंबराखाली पोचलो. पोरांच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या. उंबर हिरवा होता आणि कुंडात वाळका पाला. वर पठारावर प्लॉट पाडले होते, चुन्यानं रंगवलेले दगड आणि नव्या बोअरचा पाइप उन्हात चमकत होता.

मावशी कुंडात उतरली. पाला बाजूला करून हातानं उकरायला लागली. नखांत माती भरली, ओल काही लागेना. तेवढ्यात ती तीन जीन्सवाली पोरगी, याही चालीला आलेली, चक्कर येऊन खाली बसली.

मी कॅन काढले. झाकणानं मोजून एकेकाला दिलं, त्या पोरीला जास्त. मावशी घेईना. "पोरान्ला दे." मी तिच्यासमोर झाकण धरून बसूनच राहिलो. शेवटी तिनं एक घोट घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "कुकरातलं हाय का रं?"

ते पाणी खालच्या गावापर्यंत पुरलं. गावालाही टँकरच. 'माझ्या माणसान्ला डोंगरात पाणी मागावं लागत नाय' असं सांगणारी मावशी तिथं एका दारात उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "बाई, लेकरं हायती संगं." आतल्या बाईनं तिच्याकडं नीट बघितलं आणि अर्धी कळशी बाहेर आणून ठेवली.

घरी आल्यावर ती माझ्या खोलीच्या दारात आली. "त्या पोरीचं काय झालं असतं रं?" एवढंच बोलली.

त्यानंतर प्रत्येक ट्रेकच्या आधी ती एसटीनं डोंगराखालच्या गावाला जायची आणि वर चढून पाणी बघून यायची. ऐकीव माहिती चालायची नाही. पुढं गुडघे बोलायला लागले, तेव्हा मला पाठवायला लागली. आणि एका दिवाळीत सॅका, तंबू सगळं माझ्या हवाली करून लेकीकडं सिल्लोडला गेली.

तिथंही ट्रेकच्या आदल्या दिवशी ठरलेल्या वेळी मी तिला फोन लावायचो, उचलला की तिचा पहिला प्रश्न.

"पाणी हाय?"

"आहे."

"कुणी सांगितलं का डोळ्यानं पाह्यलं?"

"डोळ्यांनी."

"मंग जावा." फोन बंद. बाकी काही विचारायची नाही.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. नंतरच्या पहिल्या ट्रेकआधी मी वर जाऊन आलो. तिथल्या विहिरीला पाणी होतं. हर्सूलला येऊन सॅका भरल्या आणि आमच्या फोनची वेळ झाली तसा सवयीनं नंबर लावला. वाजायला लागल्यावर भानावर आलो, पण तोवर तिच्या लेकीनं उचलला होता.

"ताई, पाणी आहे," एवढंच म्हणालो. "डोळ्यांनी बघून आलो."

ताई म्हणाल्या, "मंग जावा."