पाच प्राणांचे किरटे

दुबळ्याला मारणं सोपं आणि जगवणं अवघड, हे कोणीही सांगेल. पण दुबळ्याला असं जगवायचं की त्याला मारायला आलेल्याचीही दुपार मजेत जावी, ही विद्या भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मिळून एकाच माणसाला येते, आणि ते म्हणजे आमचे दाजी. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी कौतुक करते आहे असं कोणी समजू नये. त्या घरात मी कायम ताईच्या बाजूची. आणि या विद्येपायी ताईनं काय काय सोसलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दाजी वेल्ह्याकडे पशुधन पर्यवेक्षक होते. बर्फाची पेटी मोटारसायकलला बांधायची, वरच्या वाड्यांवर जायचं आणि शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची, हे त्यांचं काम. राहायला भोरमध्ये, माझ्या औषधांच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. पन्नाशीपर्यंत या माणसाला पत्त्यांचा साधा बदामसात माहीत नव्हता. मग पानशेतला सुट्टीसाठी आलेल्या पुण्याच्या मंडळींच्या कुत्र्याचा पाय तारेत फाटला, आणि तिथल्या कोणीतरी दाजींना बोलावलं. टाके घालून झाले, पण भूल उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. मंडळी एक खेळ मांडून बसली होती. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार. वाटेत राक्षस आडवे येतात, आणि घाव बसला की हुकला हे वीस तोंडांचा फासा ठरवतो. राक्षसांतले सर्वांत फाटके म्हणजे गुडघ्याएवढे, वटवाघळाच्या कानांचे, हातात गंजकी सुरी घेतलेले. त्यांना दाजींनी पुढे नाव दिलं, किरटे. प्रत्येक घावाला काही प्राण कमी होतात; मोठ्या योद्ध्याला साठ-सत्तर प्राण, तर किरट्याला अवघे पाच. दाजींच्या देखत जादूगारानं आगीचा एक गोळा टाकला आणि आठ किरटे जागच्या जागी संपले.

"आठ जण एकाच जागी कशाला हुबं ऱ्हायलं हुतं?" दाजींनी विचारलं.

गोष्ट सांगणारी मुलगी हसून म्हणाली, "काका, ते मरायलाच असतात."

हे वाक्य दाजींच्या फार जिव्हारी लागलं. कुत्रं शुद्धीवर आलं, शेपूट हलवायला लागलं, तरी हे तिथंच. निघताना मंडळींनी त्यांना फाशांचा एक जुना संच भेट दिला, आणि त्या दिवसापासून ताईच्या घरी रविवारच्या दुपारी हा खेळ सुरू झाला. गोष्ट सांगणार दाजी, खेळणार ताई, मी आणि शेजारचे ड्रायव्हरकाका. काकांनी सगळी नोकरी एसटीत आणि बरीचशी वरंध घाटात काढलेली. त्यांचा योद्धा कुठल्याही भुयारात शिरण्याआधी हॉर्न वाजवायचा.

किरट्यांचं काहीतरी केलं पाहिजे, हे दाजींनी पहिल्याच रविवारी जाहीर केलं. मोठ्या राक्षसांत त्यांना रसच नव्हता. "मोठ्याचं काय, त्यो अंगाच्या जोरावरच जगतोय," म्हणायचे. आधी त्यांनी किरट्यांचे प्राण पाचाचे वीस केले. त्या रविवारी एकच लढाई जेवणापासून चहापर्यंत चालली आणि ड्रायव्हरकाका योद्ध्यासकट झोपी गेले. मग प्राण पुन्हा पाचावर आणून संख्या चाळीस केली. चाळीस जणांचे फासे टाकता टाकता दाजींचं मनगट धरलं आणि मी दुकानातून मलम पाठवलं. मधल्या दिवसांत त्यांचं एकट्याचं चालूच असे. सकाळी ताटलीशेजारी फासे टाकत बसायचे, आणि ताई म्हणाली, "अहो, पोहे गार झाले," की मान वर न करता, "तिसरा अजून जिता हाय," असं उत्तर यायचं. लस टोचायला गेल्यावर बर्फाच्या पेटीचं झाकण हा त्यांचा पाट. वाडीवरची माणसं शेळ्या धरून उभी, आणि डॉक्टर एकटेच लढाई करतायत. तिथं त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत. एवढा शिकलेला माणूस करतोय म्हणजे लशीसाठी आवश्यकच असणार, असा सगळ्यांचा समज होता.

मग त्यांनी किरट्यांच्या सुरीला विष लावलं. त्या रविवारी ताईची जादूगारीण पहिल्याच खोलीत मेली. दीड वर्ष सांभाळलेली, तीन मंत्र आणि एक पाळीव घुबड कमावलेली. ताई उठून स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला. पुढचे तीन दिवस आमटीत मीठ नव्हतं, आणि चौथ्या दिवशी दाजी माझ्या दुकानात येऊन काचेच्या बरण्यांकडे बघत उभे राहिले.

"मेव्हणीबाई, चुकलंच माजं," ते म्हणाले. "ईख लावलं की किरटा मोठा हुत न्हाई. खेळणारा लहान हुतो."

"मग ताईची जादूगारीण परत आणा."

"ते न्हाई जमायचं. फासा पडला त्यो पडला."

म्हणजे माफीही मागायची आणि मरणही मागे घ्यायचं नाही. ताईनं शेवटी नवी जादूगारीण केली, पण तिचं नाव मुद्दाम आपल्या सासूबाईंचं ठेवलं, म्हणजे दाजींना तिच्यावर विषप्रयोग करताना दहादा विचार करावा लागेल.

उत्तर सापडलं ते वेल्ह्याच्या वर, हौसाबाईंच्या वाडीवर. हौसाबाई धनगराच्या, साठ-सत्तर शेळ्या राखणाऱ्या. आदल्या आठवड्यात वाघरानं त्यांचा सगळ्यांत दांडगा बोकड नेला होता. कळपात एक लंगडी म्हातारी शेळी होती. ती कशी वाचली, असं दाजींनी विचारलं. हौसाबाई म्हणाल्या, "तिला काय हुतंय. दांडगं जनावर आधी चारा बगतं. ती आधी पळायची वाट बगती, मग तोंड घालती." दाजी हातात सुई धरून इतका वेळ उभे राहिले की हौसाबाईंनीच त्यांना हलवलं.

त्यानंतरचे किरटे पाच प्राणांचेच होते. सुरी तीच गंजकी, विष नाही. दाजींनी आकडा एकही बदलला नाही. पण ते आता एका जागी उभे राहत नसत. पळायला वाट असल्याशिवाय समोर येत नसत. आधी कंदील विझवायचे, दोर कापायचे, भाकऱ्या पळवायचे. आणि वाट मोकळी दिसली की जिंकत असले तरी निघून जायचे, जखमीला पाठीवर घेऊन. आम्ही तिघं त्यांना जितके घाबरायला लागलो तितके कुठल्या आग ओकणाऱ्या राक्षसाला कधी घाबरलो नव्हतो.

पुण्याची मंडळी पुन्हा पानशेतला आली तेव्हा दाजींनी फोन करून आव्हान दिलं, गोष्ट ते सांगणार आणि मंडळींनी त्यांच्या किरट्यांशी लढायचं. काकांनी जीप चालवली. त्या मुलीनं किरट्यांचा कागद पाहिला आणि म्हणाली, "काका, बारा किरटे? माझा योद्धा एकटा पुरेल." चार वर्षं खेळवलेला योद्धा होता तो. या खेळात मेला तर कायमचा जाईल, हे दाजींनी आधीच सांगितलं आणि तिनं कबूल केलं.

तासाभरात तिचे साथीदार अंधारात एकमेकांना शोधत होते. दुसऱ्या तासाला योद्धा दोर नसलेल्या खड्ड्यात होता. बारांपैकी दोनच किरटे पडले होते. खोलीतलं हसणं थांबलं, आणि त्यांचं ते कुत्रंही मालकिणीच्या पायाशी येऊन बसलं. शेवटी योद्ध्याचा एक प्राण उरला, खड्ड्याच्या काठावर तीन किरटे, आणि पाळी दाजींची. मुलीनं योद्ध्याच्या कागदावर हात ठेवला होता. दाजींनी फासा उचलला. ताई माझ्या कानात म्हणाली, "आता टाकतील." मलाही तसंच वाटलं; 'मरायलाच असतात' हे त्यांनी दोन वर्षं मनात ठेवलं होतं.

दाजींनी फासा खाली ठेवला. "त्यांच्या मागं वाट मोकळी हाय," ते म्हणाले. "ते थांबत न्हाईत. गेले."

मुलीनं कागदावरचा हात उचलला. मग तिनं वही काढली आणि विचारलं, "काका, त्यांचे नियम सांगाल? पहिल्यापासून." येताना घाटात काकांनी समोरून येणाऱ्या टेम्पोला बाजू दिली आणि म्हणाले, "डाक्टर, तुमी हरला का जिकला, म्या काय समजलो न्हाई." दाजी म्हणाले, "बराबर जमलं म्हंजे असंच हुतंय."

गेल्या वर्षी दाजींची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ताई शिक्षिका, तिची शाळा भोरमध्येच, त्यामुळे ते महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. आता गोष्ट मी सांगते. मला आकडे जमतात, किरटे जमत नाहीत. माझे किरटे बापडे रांगेत उभे राहतात. दाजी कधी चूक काढत नाहीत. थकून आलेले असतात, भिंतीला टेकून खेळतात, आणि खेळायला त्यांनी घेतलाय तो भला थोरला कुऱ्हाडवाला योद्धा. मागच्या खेपेला मी चार किरटे एका खोलीत आणून बसवले आणि नंतर लक्षात आलं, खोलीला दार एकच आहे, आणि त्या दारात दाजींचा योद्धा उभा आहे. काका म्हणाले, "हाणा डाक्टर."

दाजींनी खोलीचा नकाशा पाहिला, मग माझ्याकडे. "मी दारातनं बाजूला हुतो," ते म्हणाले.

असं करता येतं का ते मी खेळाच्या नियमांच्या पुस्तकात पाहिलं नाही. चौघे एकामागून एक त्यांच्या कुऱ्हाडीखालून निघून गेले. ताईनं दाजींचा गार झालेला चहा उचलून दुसरा आणून ठेवला.