बर्फातली बाटली

माझं घर रोह्यात आणि नोकरी पेणला, सरकारी रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत. सकाळच्या गाडीत नागोठणं मागे पडलं की आज कोणाकोणाच्या जखमा यायच्या आहेत ते डोक्यात फिरायला लागतं. त्या हिवाळ्यात सगळ्यात आधी आठवायचा तो एका म्हातारीचा पाय.

म्हातारी वडखळच्या पलीकडची, खाडीकाठच्या गावातली. सगळा जन्म मिठागरात गेलेला. तळवे चामड्यासारखे झालेले, त्यात साखरेचा आजार, त्यामुळे अंगठ्याखाली शिंपला रुतला तरी तिला कळलं नव्हतं. वास आला तेव्हा कळलं. सून तिला रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई द्यायची, तरी साखर काही केल्या खाली येत नव्हती. डॉक्टर डोस वाढवत होते. साखर अशीच राहिली तर पाय काढावा लागेल, असं त्यांनी तिच्या मुलाला स्पष्ट सांगून टाकलं होतं.

मुलगा मासळी विकायचा. माणूस फाटक्या तोंडाचा. ड्रेसिंग चालू असताना दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "सुई देतच नाय ही. नुसती बसून असते घरान. आख्ख्या गावाला म्हायती हाय." मला तो आवडायचा नाही, उगाच कशाला लपवू? सून खाली मान घालून सासूचा पाय धरून बसायची. म्हातारी मात्र दर वेळी म्हणायची, "देते रं ती. मना टोचतंय ना." पण म्हातारीचं ऐकतो कोण?

खरं सांगायचं तर आमच्याकडेही कोणी ऐकलं नव्हतं. साखर वाढलेली दिसली की आम्ही नर्सबाया आधी घरच्या बाईकडेच बघतो. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. एकदा म्हातारीचं पोट बघितलं. सुईच्या खुणा होत्या, आणि जागा बदलून बदलून दिलेल्या होत्या. सुनेच्या हातात रिकामी सिरिंज दिली, म्हटलं, भरून दाखव. तिने हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणला, बाहेर सोडला आणि मगच माझ्याकडे बघितलं. अशी बाई सुई चुकवत नाही. मग सुई जाते आहे आणि साखर हलत नाही, म्हणजे सुईतून जातंय तरी काय?

"पुढच्या वेळेला घरातली बाटली घेऊन ये," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला ती थर्माकोलचा छोटा डबा घेऊन आली. झाकण काढलं तर आत बर्फ आणि बर्फाच्या पोटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बाटली. मी ती हातात घेतली आणि चटका बसल्यासारखी सोडली, इतकी गार. परत उचलून तळहातांमध्ये घोळवत बसले. आतलं औषध घोळवल्यावर दुधासारखं एकसारखं व्हायला हवं. इथे काचेला आतून रव्यासारखे कण चिकटून राहिले होते.

"ही अशीच ठेवतेस?"

"व्हय. सुई चालू केली तवा मुंबयच्या डाक्टरांनी सांगितलं व्हतं, थंड ठेवा. आमच्याकडं फ्रीज हाय, पन लाइट टिकत नाय. म्हनून मासलीच्या पेटीत ठेवते, बर्फान. त्याच्यापेक्षा थंड काय हाय?"

"आणि बर्फावर मीठ टाकता?"

उत्तर मुलाने दिलं. "टाकतो ना. आमचंच खडं मीठ. मासली कडक राहते."

बर्फावर मीठ पडलं की गारवा आणखी वाढतो, इतका की औषध गोठतं. गोठून परत वितळलेल्या इन्सुलिनवर भरवसा ठेवता येत नाही. घरातली सगळ्यात चांगली, सगळ्यात जपलेली जागा त्या पोरीने या बाटलीला दिली होती. तिला हे सांगताना मला फार वाईट वाटलं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे मी इतके दिवस पानीच टोचत व्हते?"

मी काही बोलायच्या आत मुलाने खिशातून नवी बाटली काढली. नुकतीच औषधांच्या खिडकीवरून घेतलेली, चांगली. "मंग आता ही देऊ ना? डाक्टरांनी आज वाढवून लिहिलंय तेवढी?"

तो वाढत वाढत गेलेला डोस वाया गेलेल्या औषधाच्या हिशोबाने होता. तेवढाच डोस या बाटलीतून दिला असता तर म्हातारी संध्याकाळी झोपली असती ती उठलीच नसती. आणि गावाने तेही सुनेच्याच माथी मारलं असतं.

"कोणी घरी जायचं नाही," मी म्हटलं. मुलगा कुरकुरला, बाजाराची वेळ होती त्याची. मी त्याच्या हातातून बाटली घेतली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. ते बाहेर येईपर्यंत म्हातारीला माझ्याच खोलीत बसवून ठेवलं. त्यांनी जुनी बाटली उजेडात धरली, आधीचा कागद फाडला आणि म्हातारीला भरती करून घेतलं. नवा डोस आधीच्या निम्म्याहूनही कमी.

दुसऱ्या दिवशी तेवढ्यानेही म्हातारीला दुपारी दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. अर्धी भाकरी तशीच टाकली होती तिने. मी साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टर धावत आले. मुलगा भिंतीला टेकून बघत होता. आई परत नीट बोलायला लागल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "बाई, काल घरी नेली असती तर?" मी त्याला खरं तेच सांगितलं.

पाय वाचला, अंगठा गेला. घरी जायच्या दिवशी मी सुनेला समजावलं, माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत डबी, डबीत बाटली, बर्फाला शिवायचं नाही. आता कोणालाही "थंड ठेवा" म्हणण्याआधी मी विचारते, तुमच्या घरात थंड काय काय आहे.

मी शेवटची पट्टी बांधत होते. मुलगा पिशव्या घेऊन दारात उभा होता, त्याच दारात जिथून तो बोलायचा. म्हातारी त्याला म्हणाली, "गावान सांगितलंस ना, सून सुई देत नाय म्हनून? आता हे पन सांग. तेवढ्याच मोठ्यान."

सुनेने सासूची चप्पल पुढे केली आणि पहिल्यांदाच, मान वर करून, त्याच्याकडे बघत उभी राहिली.