फॅक्सवर आलेला ऑइलचा रिपोर्ट

पेणच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कारकून होतो, तेव्हाचा हा फिटर. इंजिनातलं काळं ऑइल दोन बोटांत चोळून बघितल्याशिवाय तो कुणाशी बोलत नसे, आणि बोलला की भांडल्यासारखाच. त्यानंच हट्टानं रोह्याच्या ट्रकचं ऑइल बाटलीत भरून मुंबईच्या लॅबला पाठवायला लावलं. फॅक्सवर इंग्रजी रिपोर्ट आला: ऑइलात तांबं आणि शिसं वाढलंय, बेअरिंग झिजलेत, गाडी थांबवा. मी शेठना तो मराठीत वाचून दाखवला.

"फाइलला लाव. चार खेपा होऊ देत," शेठ म्हणाले. मी लावला.

आठवड्यानं फिटरनं विचारलं, "रिपोर्ट आला?" मला खोटं बोलवेना, सगळं सांगून टाकलं. ट्रक माल भरून निघायच्या बेतात होता. फिटर तडक ट्रकखाली शिरला, ड्रेन नट सोडला आणि सगळं ऑइल जमिनीवर ओतलं.

"न्या आता गाडी!" तो शेठवर ओरडला.

इंजिन खालून उघडल्यावर वरचा थर झिजून बेअरिंगचं तांबं उघडं पडलेलं दिसलं. ड्रायव्हरनं फिटरचे हात धरले. ते सोडवून फिटर माझ्याकडे वळला.

"शेटला इंग्रजी येत नाय, पण तुला येतं ना? वाटेतल्या खिंडीत इंजिन जाम झालं असतं, तर या ड्रायव्हरच्या बायकोला काय वाचून दाखवलं असतंस?"