चारशे वर्षांचा पूल आणि माझी एक ओळ

‘पूल चारशे वर्षांचा आहे, हे तुम्हाला कसं कळलं?’

माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या पोस्टखाली एका वाचकाने एवढंच विचारलं आणि मी गडबडले. मला खरंच आठवेना. इंदापूरकडे जाताना नीरेवरचा एक जुना दगडी पूल पाहिला होता, फोटो काढले होते आणि ‘चारशे वर्षांचा’ असं ठोकून दिलं होतं. मी शाळेत भूगोल शिकवते. आधार नसला की मुलांचे गुण कापते. स्वतःची लाज वाटली. रविवारी सकाळी उठले आणि निघाले.

स्वारगेटहून बारामतीची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडबाहेर पोहे आणि चहा झाला की इंदापूरची गाडी धरायची आणि सणसरला उतरायचं. सध्या उसाचा हंगाम आहे. रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यामुळे घाई असणाऱ्यांनी या दिवसांत न गेलेलं बरं. पुढे नदीपर्यंत रिक्षा करावी लागते. येऊन-जाऊन तीनशे रुपये, पण बसायच्या आधी ठरवा. नदीकाठच्या त्या गावाचं नाव या वेळी मुद्दाम लिहीत नाही.

“पुलाला निघालाय व्हय?” रिक्षावाला म्हणाला. “चारशे वर्सं जुना हाय त्यो.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाय पायजे? समद्यांनाच म्हाईत हाय.”

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे मी गावातच ऐकलं असणार.

पूल पाहिला आणि डोकं पुन्हा फिरलं. सात कमानी, काळ्या दगडाच्या. मधल्या पाच वर टोक असलेल्या, म्हणून सुलतानी अमलातल्या म्हणाव्यात, तर काठाकडच्या दोन चक्क गोल आणि विटांच्या. त्या मागाहून दुरुस्त केल्या असतील का? पाणी येतं त्या बाजूला प्रत्येक खांबाला नावेसारखं टोक काढलंय, पुराचा जोर फोडायला. सांध्यांत चुना. एका खांबात कोरीव कमळ, तेही उलटं बसवलेलं. म्हणजे पडक्या देवळाचा दगड इथे लावला? मग देऊळ जुनं आणि पूल नंतरचा. पण किती नंतरचा? वहीत तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. त्यात पुलाच्या मधोमध दोन्ही कठडे आत आलेले, जेमतेम बैलगाडी जाईल एवढे. हे कशासाठी, ते काही केल्या कळेना.

“मेंढरं मोजायला,” मागून आवाज आला. मागच्या वेळी इथेच भेटलेले गावातले तात्या होते. आता ऊस लावतात, पण पूर्वी घरात मोठा कळप होता. “हितं आलं की कळप आपसूक बारीक हुतो. माझा आजा हितं उभा राहून मोजायचा. त्येचा आजा बी.”

“मग पूल किती जुना, तात्या?”

“ते फायलीत हाय. चला घरी, आधी भाकरी खावा.”

बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरचं घट्ट दही. त्या दह्यासाठी पुन्हा जाईन. तात्यांची सून सुनीता ग्रामपंचायतीत सदस्य आहे. तिने फाईल आणली. जुना पूल पाडून तिथेच नवा बांधायचं घाटतंय. नवा शेजारी बांधा, जुना राहू द्या, असा गावाचा अर्ज आहे आणि मंगळवारी बांधकाम खात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत.

“ह्यो आमचा पुरावा,” ती म्हणाली. प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला कागद होता. माझीच पोस्ट, खाली माझं नाव.

मी हातातला घास खाली ठेवला. “अहो, पण मला हे सांगितलं कुणी?”

“मीच की,” तात्या म्हणाले. “तुमी इचारलं, मी म्हणलं असंल तीन-चारशे वर्साचा.”

“आणि तुम्हाला?”

“मला काय म्हाईत? पर तुमी शिकलेल्या. तुमी लिवलं म्हंजे खरंच असणार.”

मी कबूल केलं, की मला काहीही माहीत नाही. सुनीताचा चेहरा उतरला. “आता तुमी खोडलं, तर मंगळवारी आमी काय दाखवायचं?”

तात्यांनी तो कागद उचलून पुन्हा फायलीत ठेवला. मग म्हणाले, “बाईंचं चुकलं म्हणून पूल नवा हुतो व्हय?”

परतीच्या गाडीत तेच डोक्यात घोळत राहिलं. खरं लिहावं तर पूल जातो, न लिहावं तर उद्या वर्गात कोणत्या तोंडाने उभी राहू?

घरी आल्यावर जुनी ओळ खोडली. ‘पुलाचं वय मला माहीत नाही’ असं लिहिलं आणि जे पाहिलं ते सगळं खाली मांडलं. टोकदार कमानी, विटांच्या कमानी, उलटं कमळ, मेंढरांची वाट. कशाचा कशाशी मेळ बसत नाही, हेही लिहिलं. सुनीताला पाठवलं आणि दोन दिवस फोनकडे बघायचं धाडस झालं नाही.

बुधवारी तिचाच फोन आला. साहेबांनी जुना आणि नवा दोन्ही कागद वाचले, नव्यातलं एकेक पुलावर जाऊन पडताळलं आणि शेरा मारला: वय निश्चित नाही, जाणकारांची पाहणी होईपर्यंत पुलाला हात लावू नये.

जाणकार कधी येतील, ते कुणालाच ठाऊक नाही. मला मात्र राहवेना. मी सांगितलं, की आता शोधतेच, ग्रंथालयं पालथी घालते. तेवढ्यात तात्यांनी फोन घेतला.

“शोधा की बाई,” ते म्हणाले. “पर घाई करू नगा.”