संध्याकाळच्या गाडीचं आरक्षण

घडीची सायकल मी लॉकडाऊनमध्ये घेतली. चाकं लहान, दांडा मधोमध दुमडतो. घेतल्या दिवसापासून आमच्या अपार्टमेंटचा चौकीदार तिला 'खेळण्यातली' म्हणत आला आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी हिला सायकल कुठून आठवली, असं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं होतं. त्यांना काय सांगणार! कॉलेज बंद, वर्ग मोबाइलवर, घरात मी एकटी. रसायनशास्त्र मोबाइलवर शिकवणं म्हणजे चित्रातल्या भाजीला फोडणी देणं. सकाळभर काळ्या चौकोनांना 'समजलं का?' विचारायचं आणि कुणीच काही बोलत नाही म्हणजे समजलं असं धरून चालायचं. संध्याकाळी बाहेर पडले नाही तर स्वतःचाच आवाज नकोसा व्हायचा.

सायकल हा बहाणा होता. मला माणूस हवं होतं. लग्न केलं नाही याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, आताही वाटत नव्हतं. पण कित्येक महिन्यांत मला कुणाचा हात लागला नव्हता. भाजीवाली पिशवी दाराशी ठेवून मागे सरकायची. काकू जिन्यात दिसल्या की भिंतीला चिकटायच्या. मी चिडायचे आणि मग मीही भिंतीला चिकटायचे.

अकोल्याला माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण राहते. तिचा नवराही आमच्याच वर्गातला. त्यांचं मी जुळवलं असं तो सगळ्यांना सांगतो आणि संसारातल्या तक्रारी आजही माझ्याकडेच आणतो. त्या काळात तिचा एक दिवसाआड फोन यायचा.

"काय करून राह्यली वं?"

"राहून राह्यली," मी म्हणायचे.

"मंग इकडं ये ना राहाले. चांगली आठ दिस राय. एकटीनं काय भिंतीसंग बोलतं?"

हे ती प्रत्येक फोनला म्हणायची, आणि प्रत्येक वेळी मी हसून टाळायचे. पण टाळलेलं वाक्य मनात जपून ठेवायचे. रात्री कूस बदलताना तिचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर यायचं. ती भाकरी थापते आहे, मी ओट्याला टेकून उभी आहे आणि दोघी मिळून तिच्या नवऱ्याला नावं ठेवतो आहोत. मला दुसरं काही नको होतं.

हिवाळा आला. आकडे खाली आले, 'स्पेशल' म्हणून गाड्या धावू लागल्या, फक्त आरक्षण लागायचं. मी फोन करून 'येते' म्हटलं. 'राहायला' हा शब्द मात्र तोंडातून निघाला नाही. तो तिनं म्हणावा असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "ये ना." काकूंना मी सांगितलं, संध्याकाळपर्यंत परत येते. पाठीवरच्या पिशवीत मात्र आठ दिवसांचे कपडे कोंबले. जायचं आरक्षण केलं, परतीचं केलंच नाही.

अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत सायकलनं गेले. सकाळचा गारठा, रस्त्यावर कुणी नाही, मास्कच्या आत श्वासाचं पाणी होत होतं. स्टेशनवर सायकल दुमडली आणि उचलून डब्यात आणली. डब्यात आम्ही जेमतेम चार माणसं, चौघंही चार टोकांना. तिकीट तपासनीस आला, त्यानं तिकिटाच्या आधी सायकलच पाहिली.

"हे काय व्हय मॅडम?"

"सायकल."

"सायकल अशी असते काय?"

उघडून दाखवली. त्यानं घंटी वाजवून पाहिली, बरी वाजली. "ठेवा सीटखाली," म्हणाला आणि पुढं गेला. त्या प्रवासात माझ्याशी एवढंच कुणी बोललं. मूर्तिजापूर गेलं, खिडकीबाहेर तुरी पिकत आल्या होत्या, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. 'राहिले असते, पण तुम्हाला त्रास' असं म्हणायचं. मग ती ओरडणार, त्रास कायचा वं? मग मी नाइलाजानं हो म्हणणार. सगळं ठरलं होतं.

अकोल्याला उतरून मोर्णेचा पूल ओलांडला. नदीत पाणी कमी आणि जलकुंभीच जास्त. जुन्या शहरातून पातूर रोडला लागले. तिचं घर गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये आहे. चार घरं बांधलेली, बाकी प्लॉटांवर गवत. फाटकाशी पोचेपर्यंत थंडी पळाली होती आणि माझ्या पाठीवर पिशवीच्या आकाराचा घाम उमटला होता.

ती फाटकाच्या आत उभी होती. मास्क लावलेला, त्यावर पदर.

"अगं, आलीस? ये ना. प्रवास कसा झाला? काही त्रास नाही ना झाला?"

मला वाटलं, गंमत करते आहे. आम्ही वऱ्हाडातली माणसं असं मराठी बँकेच्या मॅनेजरशी बोलतो, मुलांच्या मुख्याध्यापिकेशी बोलतो, नवे व्याही पुण्याचे निघाले तर त्यांच्याशी बोलतो. तेव्हा आमची जीभ इस्त्री केल्यासारखी सरळ होते. घरच्या माणसाशी असं बोललं तर तो विचारतो, काहून वं, माह्यावर राग हाय काय? मी हसले. ती हसली की नाही ते मास्कमुळं कळलं नाही.

पोर्चमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. एकच. ती स्वतः दाराच्या उंबऱ्यात बसली. तिचा नवरा खिडकीच्या जाळीमागून ओरडला, "पाय वं बाई, आमच्या म्हातारीले दमा हाय. तिले काही झालं तं मी तुह्याच नावानं बोंबलीन. तिकडूनच बोल, घरात पाय टाकू नको!"

याचं मला काही म्हणजे काही लागलं नाही. उलट बरं वाटलं. हे आपल्या माणसाला सांगणं झालं. "तुह्या घरात यायले कोन बसलं हाय?" मी म्हटलं, आणि तो खिडकीत मोठ्यानं हसला. तिच्या सासूबाईंचा दमा मला माहीत होता. भीती खरी होती, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही दाराला कडी लावली असती.

संत्री आणली होती. मी पिशवी पुढं केली. "कशाला एवढं आणलंस," ती म्हणाली आणि पोर्चच्या कोपऱ्यातल्या उन्हाकडं बोट दाखवलं. मी ती तिथं ठेवली. संत्री दिवसभर तिथंच राहिली.

जेवण छान होतं. ओल्या तुरीच्या दाण्यांचं आळण, भाकरी, ठेचा. मला आवडतं तेच तिनं केलं होतं. पण ताट कागदी होतं. ते तिनं पायरीवर ठेवलं आणि मागे सरली, मग मी उठून घेतलं. पाण्याला कागदी पेला. तो मी हातात धरला आणि तिनं हात लांब करून वरून पाणी ओतलं.

इथं एक सांगायला हवं. आमचं घर बौद्ध. माझ्या आईनं तिच्या लहानपणी, धम्म घेण्याच्या आधीच्या दिवसांत, गावात असंच वरून ओतलेलं पाणी प्यायलं होतं, आणि ते तिनं आम्हा भावंडांना एकदाच सांगितलं होतं. मैत्रीण भिक्षुक ब्राह्मणाच्या घरची. हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात तिनं न विचारता माझ्या डब्यातली भाकरी उचलली होती, आणि त्यानंतर तीस वर्षांत हा विषय आमच्यात निघालाच नाही. निघायचं कारणच नव्हतं. त्या दुपारीही नव्हतं. रोगानं सगळ्यांनाच बाहेर बसवलं होतं. मला हे डोक्यानं पक्कं कळत होतं. हाताला मात्र कळत नव्हतं, पेला तोंडाकडं जाईना.

तिनं ते पाहिलं. आपला लांब केलेला हातही तिनं पाहिला. तो तसाच राहिला, पाणी पेल्यावरून वाहून माझ्या पायावर पडलं.

"अवं, समजते मले," मी म्हटलं.

"तसं नाही गं," ती म्हणाली, "आपण सगळ्यांनीच काळजी घ्यायला हवी ना." आणि त्यानंतर तिचं मराठी आणखीच शुद्ध झालं. आणखी थोडी भाजी घेतेस का? संकोच करू नकोस हं. मला तिचा राग आला आणि कीवही आली. शरमेनं तिची जीभ आखडली होती हे मला दिसत होतं. एक शिवी दिली असती तरी चाललं असतं.

जेवणानंतर तिनंच लेकीची जुनी सायकल बाहेर काढली. चल, जरा शेतांकडं जाऊन येऊ. आम्ही निघालो, ती पुढं, मी मागे बरंच अंतर ठेवून. पाठ माझ्याकडं होती म्हणून की काय, तिला बोलता आलं. "सायकलीचं गेअर लागून नाई राह्यलं वं!" ती वाऱ्यात ओरडली. "पोट्टीनं पार खराब करून ठेवलं!" मी मागून ओरडले, "पोट्टीले काहून बोलतं? तुलेच चालवता येत नाई!" ती खदखदून हसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा. तेवढा वेळ मी सुखात होते. तिच्या पाठीकडं पाहत कितीही लांब गेले असते.

एका धुऱ्याशी, शेताच्या बांधावर, थांबलो. तिनं हरभऱ्याची दोन झाडं उपटली, एक माझ्या सायकलच्या हँडलवर ठेवलं आणि दूर जाऊन उभी राहिली. आम्ही मास्क खाली करून घाटे सोलून खाल्ले. किती महिन्यांनी तिचं तोंड दिसलं. म्हातारी दिसायला लागली होती, मीही दिसत असणार. आता बोलायचं, मी ठरवलं. सरळ सांगायचं की पिशवीत कपडे आहेत. घरात नको, मागच्या खोलीत राहीन, आठही दिवस कुणाच्या समोर येणार नाही, फक्त भिंतीपलीकडं तुमची भांडणं ऐकू येऊ देत.

"तू परत कशी जाणार आहेस?" तिनं विचारलं.

समोरासमोर आलो की पुन्हा तेच मराठी. मी म्हटलं, "संध्याकाळच्या गाडीचं आरक्षण आहे."

खोटं होतं. पण आमच्याकडं पाहुणा निघतो म्हणाला की यजमान 'बस ना वं, जाशीन उद्या' म्हणतो. वैऱ्यालाही म्हणतो. दोनदा-तीनदा म्हणतो, मगच पाहुणा उठतो. मी त्याची वाट पाहत घाटा सोलत राहिले. एकदा म्हणाली असती तरी मी सगळं सांगून टाकलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "मग तुला वेळेवर निघायला हवं."

तिनं मास्क वर केला. मीही केला. मास्कचा त्या वेळी फार उपयोग झाला.

फाटकातून निघताना नवरा खिडकीतून ओरडला, "आता बिमारी गेल्यावरच ये वं!" त्याला मी हात केला. तिच्याकडं पाहिलं नाही. अकोला स्टेशनबाहेर कडुलिंबाखाली उभं राहून मोबाइलवर आरक्षण केलं. जागा भरपूर होत्या. परतताना सायकलबद्दल कुणी विचारलं नाही. बडनेऱ्याहून घरी येईस्तोवर अंधार पडला होता. जिन्यात काकू भेटल्या, भिंतीला टेकून म्हणाल्या, "सांगितल्यापरमानं आल्या बा वेळेवर."

कपडे कपाटात परत लावत होते तेव्हा फोन आला.

"पोचली काय वं?" ती म्हणाली. आवाज बसलेला होता, रडून बसतो तसा. "जेवली काय? अवं, मले दिसभर काही सुधरूनच नाई राह्यलं. म्हातारी झोपली तवा आता फोन केला. बोल ना वं काही."

मला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि ऐकलं, मीच बोलत होते, "हो, पोचले व्यवस्थित. जेवण फार छान झालं होतं. तुम्ही उगीच एवढा त्रास घेतलात."



"तुमी कोन वं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, आवाज येत नाही, उद्या बोलू. आवाज अगदी स्वच्छ येत होता.