होडी जागेवर नव्हती

आमच्या घरात हरलेल्या लढाईची गोष्ट कुणी धड सांगत नसे. पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. जिंकलेल्या मोहिमा आजोबांना तोंडपाठ होत्या. हरलेल्या लढाईत कुणीतरी दगा दिलेला असायचा, किंवा पाऊस पडलेला असायचा. आपलं काय चुकलं, हा प्रश्न मी घरात कधी ऐकला नाही. तो पहिल्यांदा ऐकला फौजेत गेल्यावर, आणि ऐकताक्षणी मला तो फार आवडला.

सराव संपला की मळक्या कपड्यांतच आम्ही जमिनीवर गोल करून बसायचो. काय करायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, पुढच्या खेपेला काय बदलायचं, एवढंच बोलायचं. त्या बैठकीपुरता हुद्दा बाजूला ठेवायचा. आम्ही तिला डिब्रीफ म्हणायचो. एकदा एक नवा शिपाई कंपनी कमांडरला सरळ म्हणाला, "साहेब, तुमचा हुकूम मला कळलाच नाही. पुढचा पळाला म्हणून मी पळालो." सगळे हसले, कमांडरही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून ते हुकूम देऊन झाल्यावर कुणाला तरी तो परत म्हणायला लावू लागले. जिथे शिपाई असं बोलू शकतो आणि साहेब ऐकून घेतो, तिथे माणसं विनाकारण मरणार नाहीत, असं मला मनापासून वाटे. पुढे पुढे हे काम मला चांगलं जमू लागलं आणि मला वेगवेगळ्या पलटणींच्या सरावांना निरीक्षक म्हणून पाठवू लागले. सराव बघायचा, टिपणं काढायची, मग सगळ्यांना बसवून बोलतं करायचं.

अशाच एका सरावाला मी एका नदीकाठी गेलो होतो. पलटण तराफ्यांवरून सामान पलीकडे नेणार होती. तिथे मला नायक हुद्द्याचा एक जवान भेटला. नावाची पट्टी वाचून मी मराठीत विचारलं, "कुठले?" तो म्हणाला, "ग्वाल्हेर, साहेब. बिर्लानगर." मग आम्ही दोघंही आमच्या त्या हिंदीत भिजलेल्या मराठीत बोलत राहिलो. त्याचे वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर चौकीदारी करत होते. घराण्यात फार पूर्वी सगळे शिपाईच, मध्ये दोन पिढ्या गिरणीत गेल्या, आता पुन्हा तो फौजेत. "बाबांना तर लई आनंद झाला," तो म्हणाला. तो उंच होता आणि बोलताना थोडा वाकायचा.

सकाळी तिसऱ्या फेरीत तराफा भोवऱ्यात कलला आणि चौघे पाण्यात पडले. तिघांना दोर सापडला. चौथा, तो ग्वाल्हेरचा नायक, खाली वाहत गेला. वळणावर, नेमकं अशा वेळेसाठी, एक बचावाची मोटारहोडी उभी ठेवायची असते. ती जागेवर नव्हती. पाहुणे साहेब आले होते, त्यांना सराव पाण्यातून नीट दिसावा म्हणून होडी त्यांना घेऊन वरच्या अंगाला गेली होती. ती परत येईपर्यंत काठावरची माणसं नुसती धावत होती. तो दुपारी सापडला.

डिब्रीफ मीच घेतला. इतका प्रामाणिक डिब्रीफ मी आयुष्यात घेतला नाही. होडीचा चालक रडत म्हणाला, "मला सांगितलं, दहा मिनिटांचं काम आहे." ज्यानं सांगितलं होतं तो अधिकारी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी सांगितलं." कुणी काही लपवलं नाही. निष्कर्ष एका ओळीचा होता: बचावाची होडी कोणत्याही कारणानं, कुणाच्याही सांगण्यावरून, जागेवरून हलवू नये. मी तो लिहून वर पाठवला.

त्या नायकाच्या घरी मी गेलो, कारण मी गावचाच. बिर्लानगरच्या मिलच्या जुन्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या. त्याच्या वडिलांनी माझ्याकडे बघून फक्त विचारलं, "कसं झालं, साहेब?" मी सांगितलं, होडीसकट सगळं. मग म्हणालो, "काका, आम्ही कारण शोधून काढलंय. ते सगळीकडे पोचवू. आता असं कुणाच्या मुलाचं होणार नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आत त्याची आई बसली होती, तिला त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "ऐकलंस का? साहेब म्हणतायत, आता कुणाचा जाणार नाही."

दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली ती असे धडे जिथे गोळा होतात त्या कचेरीत. सगळ्या पलटणींचे अनुभव तिथे येत, आम्ही ते विषयवार लावत असू आणि त्यातून पुस्तिका काढत असू. मला ती जागा मिळाल्याचा आनंद झाला होता. पहिल्याच आठवड्यात मी नदीवरच्या सरावांचे कागद काढले. माझा कागद होता. त्याच्या खाली आणखी होते, त्याहून जुने. वेगळ्या नद्या, वेगळ्या पलटणी. एका ठिकाणी होडी फोटो काढणाऱ्याला घेऊन गेली होती. एका ठिकाणी पलीकडच्या काठावर चहा पोचवायला. प्रत्येकाच्या शेवटी तीच ओळ होती, शब्द थोडे इकडेतिकडे. तोवर मी लिहिलेली ओळ मला माझी वाटत होती.

मी ते सगळे घेऊन माझ्या वरिष्ठांकडे गेलो. शांत, कमी बोलणारे गृहस्थ होते. मी म्हणालो, "सर, हे तर आपण आधीच शिकलो होतो."

त्यांनी कागद चाळले. एकावर बोट ठेवलं. "हा माझा आहे," ते म्हणाले. "माझा मित्र होता."

मग ते पुढे म्हणाले, "काठावर उभी असलेली होडी प्रत्येकाला मोकळी वाटते. ज्या दिवशी काही होत नाही, त्या दिवशी ती वायाच गेलेली असते. आणि बहुतेक दिवस काहीच होत नाही. ज्याच्यासमोर माणूस बुडाला, तो पुन्हा कधी होडी हलवणार नाही. पण त्याची बदली होते. नवा येतो, त्यानं फक्त वाचलेलं असतं."

"मग करायचं काय?"

"लिहायचं. मी लिहिलं, तू लिहिलंस."

मी एवढ्यावर थांबलो नाही. नियम करून घेतला की सराव सुरू होण्याआधी होडी जागेवर आहे अशी सही व्हावी. तो मान्य झाला, सगळीकडे गेला. पुढल्याच हंगामात मी एका सरावाला गेलो, तेव्हा काठावर सही झालेली होती आणि होडी दुसरीकडे होती. सुभेदार साहेब म्हणाले, "साहेब, सही केली तेव्हा होती की." ते खोटं बोलत नव्हते. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही, म्हणून संध्याकाळच्या बैठकीत माझा मुद्दा सगळ्यांनी सभ्यपणे ऐकला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

निवृत्त होऊन मी ग्वाल्हेरला परतलो. इंदरगंजच्या बाजूला घर घेतलं. बिर्लानगरला माझं जाणं-येणं सुरू झालं. काका आता थकले होते, पण मी गेलो की उठून बसायचे. शेजारच्यांना सांगायचे, "हे आमच्या मुलाचे साहेब. त्याच्या मागून नियम बदलला सगळ्या फौजेचा." शेजारी माना डोलवायचे. मला ते खोडून काढता येत नसे. नियम तर खरंच बदलला होता.

गेल्या पावसाळ्यानंतर एके दिवशी त्यांचा फोन आला. ते स्वतः कधी फोन करत नसत. "येऊन जा, साहेब," एवढंच म्हणाले.

मी गेलो. ते पलंगावर बसले होते, पुढ्यात हिंदी अखबार. दूरच्या एका नदीवर सरावात एक जवान बुडाला होता. आतल्या पानावरची छोटी बातमी. सकाळी मीही ती वाचली होती, आणि हे पान त्यांच्या नजरेतून सुटावं अशी आशा केली होती. त्यांनी एका ओळीखाली नख ओढलं. बचाव दल पोचायला वेळ लागला, असं तिथे छापलं होतं.

"होडी कुठे होती?" त्यांनी विचारलं.

"बातमीत लिहिलं नाही, काका."

"तुम्हाला तर माहीत असेल."

मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं. मी म्हणालो, "कुठेतरी दुसऱ्या कामाला गेली असणार."

"पण नियम आहे ना?"

"आहे."

"मग?"

मी समजावायला लागलो. बदल्या होतात, नवी माणसं येतात, वाचलेलं आणि पाहिलेलं यात फरक असतो. सगळं खरं होतं. बोलता बोलता माझ्याच कानांना ते एखाद्या व्याख्यानासारखं ऐकू यायला लागलं आणि मी थांबलो.

त्याच्या आईनं चहा आणून ठेवला. काकांनी अखबाराची घडी घातली. मग अगदी हळू म्हणाले, "तुम्ही यायचे तर मला वाटायचं की तो काहीतरी कामी आला. लोकांना पण सांगायचो मी. आता काय सांगू?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"तुमची गलती नाहीये, साहेब. तुम्ही तर लिहिलं. पण आता तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर मला तो फक्त बुडालेला दिसेल."

मी चहा संपवला, कारण अर्धा सोडून उठणं बरं दिसलं नसतं. त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, पाय मात्र मागे घेतले नाहीत.

माझ्या जुन्या कचेरीला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं. कुणी तरुण अधिकारी होता, भाषा आदराची होती. माझ्या सूचनेची नोंद घेतली आहे आणि सध्याच्या घटनेतून मिळणारे धडे लवकरच सर्वांना कळवले जातील, असं त्यानं लिहिलं होतं. त्यानं ते मनापासून लिहिलं असणार. त्याच्या वयाचा असताना मीही तसंच लिहिलं असतं.

दिवाळीला माझी बायको म्हणाली, "तू नको जाऊस, पण मी फराळ देऊन येते. सणाला असं बरं नाही दिसत." ती रिक्षा करून एकटीच गेली. दाराशी त्याची आई आली. तिनं डबा घेतला, माझ्या बायकोला पाणी विचारलं, दोघी उंबऱ्यावरच थोडं बोलल्या. काका आतल्या खोलीत होते, खोकण्याचा आवाज येत होता, पण ते बाहेर आले नाहीत. माझी बायको निघाली तेव्हा आईनं डबा लगेच रिकामा करून, धुऊन, कोरडा पुसून परत दिला. रीतीपुरती चिमूटभर साखरही आत घातली नव्हती.