चढावरचं टायमिंग

खंडेनवमीला आमचे हे जुन्या गाडीला असं न्हाऊ घालतात, की मुलं लहान असताना त्यांच्या अंघोळीला इतका वेळ दिला असता तर मला चार घटका विश्रांती मिळाली असती. बॉनेट उघडून इंजिनावर बादल्या ओतायच्या, पुसायचं, गंध लावायचं, झेंडूची माळ घालायची. गेल्या वर्षी माळ वाळून गेल्यावर उतरवली आणि गाडी थरथरायला लागली. नुसती उभी असली तरी दारं, काचा, सीट सगळं थडथडायचं.

हे निवृत्त मेकॅनिक. पूर्वी लांबून इंजिन ऐकून दुखणं सांगायचे. पण वर्कशॉपातल्या धडधडाटानं कान गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलं, त्यातून इंजिनाची नुसती घरघर ऐकू येते. बॉनेटमध्ये डोकं घालून हे कितीतरी वेळ उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "मला ऐकूच येईना, तर मी कसला मेकॅनिक? इकून टाकू गाडी."

 गाडीचं मला काही नव्हतं. पण शेजारचे एक गृहस्थ असंच एकेक सोडत गेले आणि आता दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. हे तसे बसलेले मला बघवले नसते. पण असलं बोलायची आमची रीत नाही, म्हणून मी खेकसले, "आवं, कान गेलं, डोळं हायेत न्हवं?" आणि प्यायला पाण्याचा पेला हातात दिला.

हे पाणी प्यायलेच नाहीत. पेला चालू इंजिनावरच्या सपाट झाकणावर ठेवला आणि त्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. मग चार प्लगांच्या वायरी एकेक करून काढून बघितल्या. चालत्या प्लगाची वायर काढली की पाणी जास्त हिंदकळायचं. तिसरी काढली तेव्हा काही फरक पडला नाही. म्हणजे तिसरा प्लग कामच करत नव्हता. सगळ्या प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं, तर आत खंडेनवमीचं पाणी शिरून तिसऱ्या जागी हिरवट गंज चढलेला.

"करायला गेलं गणपती आन् झालं मारुती," मी म्हणाले. ते ह्यांना बरोबर ऐकू आलं.

गंज खरवडला, थरथर थांबली. पण त्या खटपटीत डिस्ट्रिब्युटर जागचा हलला होता आणि ठिणगी पडायची वेळ, म्हणजे टायमिंग, चुकली होती. ठिणगी लवकर पडली की चढावर इंजिन वाजतं, पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखं. ते पाण्यात दिसत नाही, ऐकावंच लागतं. ह्यांनी बॉनेट लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस गाडीत. वाजलं की माझ्या गुडघ्यावर हात मार."

लग्नापासून 'तुला न्हाई कळायचं त्यातलं' ऐकत आलेली मी, शिराळ्याच्या रस्त्यावरच्या चढाला जीव कानात आणून बसले. वाजलं. हात मारला. हे उतरले, नट सैल करून डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला, गाडी परत खाली आणली. पुन्हा चढ, पुन्हा हात, पुन्हा नट. ऊन तापलं, ह्यांचा सदरा घामानं भिजला. शेवटी अगदी बारीक वाजत होतं. वाटलं, राहू दे आता, दमलेत. पण हे रस्त्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होते. मी हात मारला. नाकावर माशी न बसू देणारा हा माणूस पाना घेऊन परत उतरला.

पुढच्या खेपेला गाडी सरळ वर गेली. माझे हात मांडीवर तसेच राहिले.

घरी आलो तर सकाळी टायमिंग बिघडल्याचं ऐकलेल्या पलीकडच्या शेजाऱ्यांनी विचारलं, टायमिंग कुणी करून दिलं? ह्यांना ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितलं, "टायमिंग कुणी केलं म्हणत्यात."

"आमी दोगांनी," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

माझ्या लग्नात एवढा मान मला मिळाला नव्हता.